महामार्ग ओलांडणाऱ्यांचा हिशेब

पुणे–बेंगळूर राष्ट्रीय महामार्ग बेळगावजवळून जातो, असे आपण अजूनही सवयीने बोलतो. प्रत्यक्षात तो आता बेळगावातून जातो. सुवर्ण चतुष्कोन योजनेत या रस्त्याचे चौपदरीकरण झाले, त्या काळी शहर आणि रस्ता यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी मोकळे शिवार होते. आज कणबर्गी, रामतीर्थनगर, ऑटोनगर अशी मोठी वस्ती रस्त्याच्या पूर्वेला आहे, आणि त्या वस्तीतील माणसांना रोज ज्याची गरज पडते ते जवळजवळ सारे, म्हणजे बाजारपेठ, जिल्हा रुग्णालय, न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, रेल्वे स्थानक, पश्चिमेला आहे. उत्तरेकडे काकती आणि होनगा, दक्षिणेकडे अलारवाड, हलगा आणि बस्तवाड या गावांत घर रस्त्याच्या एका अंगाला आणि शेत, कारखाना किंवा शाळा दुसऱ्या अंगाला, अशी कुटुंबे कितीतरी आहेत.

हा रस्ता गेली पंधरा वर्षे सतत ‘सुधारतो’ आहे. जुना एनएच-४ हा २०१० च्या फेररचनेत ४८ क्रमांकाचा झाला. बेळगाव–धारवाड पट्टा सहापदरी झाला. संकेश्वर, निपाणी आणि पुढे महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच्या पट्ट्याचे सहापदरीकरण हाती घेण्यात आले. खानापूर, लोंढामार्गे गोव्याकडे जाणारा जुना ४-ए आता ७४८ झाला आहे, आणि या दोन महामार्गांना शहराबाहेरून जोडण्यासाठी हलगा ते मच्छे हा बायपास आखला गेला. त्याच्या पलीकडे सत्तर किलोमीटरच्या आसपास लांबीच्या रिंगरोडची आखणी झाली, आणि खुद्द शहरातून उड्डाणपूल नेण्याचा प्रस्तावही राज्य सरकारने मांडला. एवढी सारी कामे एकाच शहराभोवती चालू असताना त्यांचे मोजमाप मात्र आपण एकाच मापाने करतो: गाड्या किती वेगाने जातील आणि किती मिनिटे वाचतील. माझे म्हणणे असे आहे की शहराला लागून किंवा शहरातून जाणाऱ्या महामार्गाचा दर्जा त्यावरून धावणाऱ्या वाहनांच्या वेगावर ठरवू नये. तो रस्ता ओलांडणारी, त्याच्या कडेने चालणारी आणि त्याला आपली जमीन देणारी माणसे कामाआधी कशी होती आणि कामानंतर कशी आहेत, यावर तो ठरवावा; आणि हे माप काम संपल्यावर लावण्याचे नसून आराखडा कागदावर असतानाच लावण्याचे आहे.

ही भावनेची बाब नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन-सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे. अपघाती मृत्यूंत मात्र त्यांचा वाटा छत्तीस टक्क्यांहून अधिक निघाला. त्याच वर्षी एकूण मृतांत दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के आणि पादचारी १९ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्या दर पाच माणसांपैकी तीन माणसे चारचाकीत बसलेलीच नव्हती. रुंद आणि वेगवान रस्ता ही सुरक्षिततेची हमी मानणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोटारीसाठी जो रस्ता सरळ आणि निर्धोक असतो, तोच रस्ता होनग्याच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर घरी येणाऱ्या कामगाराला दुभाजक, बंद केलेली वळणे आणि ऐंशी-शंभरच्या वेगाने येणारे कंटेनर यांच्यातून वाट काढायला लावतो.

महामार्गावर उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि त्यांना दोष देणेही सोपे आहे. दोष आहेच, तो मी नाकारत नाही. पण अशा एखाद्या ठिकाणी थोडा वेळ थांबून पाहिले, तर त्या वर्तनामागचे गणित उलगडते. दुभाजकातली पूर्वीची मोकळी जागा सुरक्षिततेसाठी बंद केलेली असते. ओलांडण्याची पुढची सोय दीड-दोन किलोमीटरवर असते, म्हणजे जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटर. मधला सर्व्हिस रोड कुठेतरी नाल्याशी येऊन तुटतो, कारण नाल्यावर मुख्य रस्त्याचा पूल बांधला गेला आणि सर्व्हिस रोडचा राहून गेला. त्यामुळे दुधाची किटली हँडलला अडकवलेला माणूस शंभर-दीडशे मीटर उलट येतो, नाला ओलांडतो आणि पुन्हा खाली उतरतो. त्याने हा धोका दररोज दोनदा पत्करावा, अशी रचना आपण केली आहे. दंडाची पावती फाडून ही रचना बदलत नाही. नाल्यावर साडेपाच-सात मीटर रुंदीचा दुसरा पूल बांधला की बदलते.

सर्व्हिस रोड नेहमी मागे का राहतात, याचे कारण ठेक्याच्या कागदपत्रांत आहे. मुख्य मार्गिका वाहतुकीस योग्य झाल्या की तात्पुरते पूर्णत्व प्रमाणपत्र देता येते आणि उरलेली कामे एका शिल्लक यादीत टाकता येतात. टोलवसुली मुख्य मार्गिकेवर अवलंबून असते, सर्व्हिस रोडवर नाही. ज्या कामावर पैसा सुरू होतो ते काम आधी होते आणि ज्यावर होत नाही ते यादीत पडून राहते, यात कुणाचा वाईट हेतू शोधण्याचे कारण नाही. पण ही यादी वाचली तर तिच्यात बहुतेक सारी कामे रस्ता ओलांडणाऱ्यांचीच आढळतात: सर्व्हिस रोड, गटारे, अंडरपासातले दिवे, बसथांबे, पदपथ. करारातच असे लिहिले की सलग सर्व्हिस रोड आणि सर्व अंडरपास पूर्ण झाल्याखेरीज कोणतेही पूर्णत्व प्रमाणपत्र मिळणार नाही, तर याच ठेकेदारांकडून हीच कामे वेळेत होतील. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही आणि फार मोठा वाढीव खर्चही लागत नाही. लागतो तो क्रम बदलण्याचा निर्णय.

अंडरपास या विषयावर थोडे थांबायला हवे, कारण आमच्या भागात त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. शहराच्या हद्दीत तो पायी चालणाऱ्यांचा आणि दुचाकींचा असतो. काकतीच्या पुढे, हत्तरगी, संकेश्वर, निपाणीच्या बाजूला तो उसाचा असतो. गळीत हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून, ट्रॉलीच्या फळ्यांच्या वर माणसाच्या उंचीएवढा ऊस रचून वाहतूक चालते. अशा वाहनाला साडेतीन-चार मीटर उंचीचा हलका अंडरपास उपयोगाचा नसतो, त्याला पूर्ण उंचीचा, साडेपाच मीटरचा अंडरपासच लागतो. कुठे कोणत्या उंचीचा अंडरपास द्यायचा, हे ठरवताना वाहनांची मोजणी केली जाते, पण ती मोजणी मे महिन्यात केली तर तिच्यात उसाची एकही ट्रॉली येणार नाही. मग डिसेंबरात तीच ट्रॉली मुख्य महामार्गावर चढते, मागे रिफ्लेक्टर नसताना अंधारात रेंगाळत चालते, आणि तिच्या मागून येणाऱ्या गाडीचा जीव जातो. तवंदी घाटासारख्या उताराच्या पट्ट्यात तर हा धोका दुपटीने वाढतो. ऊस उत्पादक जबाबदार, ट्रॅक्टरचालक जबाबदार, हे सारे मान्य करूनही मोजणीचा महिना निवडणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

आणि पावसाळ्यात अंडरपासात पाणी साचते. बेळगावला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली खोदलेल्या भुयारी मार्गाला पाणी बाहेर जाण्याची नैसर्गिक वाट ठेवलेली नसेल, तर त्यात गुडघाभर पाणी साचणारच, आणि मग शाळेत जाणारी मुले चिखलातून भरावावर चढून मुख्य रस्ता ओलांडणारच. त्या दिवशी त्या अंडरपासची कागदावरची किंमत काही कोटी असते आणि प्रत्यक्षातली किंमत शून्य.

पाण्याचा प्रश्न अंडरपासपुरताही नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पुणे–बेंगळूर महामार्ग बंद पडला. कोल्हापूरजवळ शिरोली येथे पंचगंगेचे पाणी आले आणि निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे. देशाच्या दोन मोठ्या औद्योगिक शहरांना जोडणारा रस्ता पाण्याखाली गेला, मालवाहतूक खोळंबली, दूध आणि भाजीपाला वाटेत अडकला. या पुरांनंतर सहापदरीकरणाच्या आराखड्यात निपाणी तालुक्यातील गावकऱ्यांनी जी मागणी लावून धरली, ती मला अत्यंत शहाणपणाची वाटते: पूरपट्ट्यात मातीचा भराव घालून रस्ता उंच करू नका, तो खांबांवरून न्या. भराव घातल्याने रस्ता सुरक्षित होतो, पण तो भराव नदीच्या पात्राला आडवा पडलेला बांध होतो. वरच्या बाजूच्या शेतांत आणि गावांत पाणी अधिक चढते आणि अधिक दिवस राहते. ऊस चार-पाच दिवस पाण्याखाली टिकतो, शेंडा बुडून दहा-बारा दिवस राहिला तर कुजतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने रस्त्याची उंची आणि पिकाचे मरण यांचा असा थेट संबंध आहे, आणि तो त्याला कुणी शिकवावा लागत नाही. खांबांवरचा रस्ता महाग पडतो, हे खरे. परंतु भरावामुळे होणारे नुकसान महामार्गाच्या अंदाजपत्रकात धरले जात नाही, ते मांगूर, बारवाड, कोगनोळीच्या शेतकऱ्यांच्या खात्यावर पडते, म्हणून भराव स्वस्त दिसतो. दोन्ही खर्च एकाच कागदावर मांडले, तर निष्कर्ष निराळा निघेल असा माझा विश्वास आहे.

हीच गोष्ट शहराच्या दक्षिणेला बळ्ळारी नाल्याच्या परिसरात दिसते. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ, हलगा या शिवारांतली भातशेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना माहीत आहे की इथले पाणी केवळ नाल्यातून वाहत नाही. ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, बांधावरून बांधाखाली, संथपणे सगळ्या शिवारावर पसरून उतरत जाते आणि शेवटी नाल्याला मिळते. अभियंता नकाशावर निळी रेघ शोधतो आणि ज्या ठिकाणी ती रस्त्याला छेदते तिथे मोरी देतो. जिथे निळी रेघ नाही तिथे मोरीही नाही. पण पाणी तिथेही असते. पक्का भराव त्या शिवाराला आडवा पडला की एका बाजूची रोपे कुजतात आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची ओढ लागते. याच जमिनीत तो सुगंधी भात पिकतो, ज्याला बाजारात बेळगावचा बासमती म्हणून मान आहे. आणि भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो. एका ओलीत दोन पिके देणारी अशी जमीन नव्याने तयार करता येत नाही.

हलगा–मच्छे बायपासकडे मी या पार्श्वभूमीवर पाहतो. तो बायपास निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. धारवाडकडून येऊन गोव्याला जाणारा मालट्रक आज शहरात शिरतो, उद्यमबाग, पिरनवाडीच्या वाटेवर आधीच कारखान्यांची वाहने आणि कॉलेजची मुले यांची गर्दी असते, आणि त्या गर्दीत दहा-बारा चाकी वाहनांना जागा नाही. दोन राष्ट्रीय महामार्ग शहराबाहेर जोडले जाणे ही गरज खरी आहे. दहा किलोमीटरच्या आत लांबी असलेला हा रस्ता त्या गरजेचे उत्तर म्हणून पुढे आला. पण उत्तर ज्या रीतीने लादले गेले, ती रीत चुकीची होती. २०२१ च्या नोव्हेंबरात पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात उभ्या पिकांतून यंत्रे चालवली गेली. प्रकरण न्यायालयात गेले, स्थगिती आली, काम थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. ज्या रस्त्याने मिनिटे वाचवायची होती, त्याने वर्षे खर्च केली. ही वर्षे शेतकऱ्यांच्या हट्टामुळे गेली, असे सांगितले जाते. मला ते मान्य नाही. आखणी ठरवण्याआधी ज्यांच्याशी बोलायला हवे होते त्यांच्याशी बोलणे झाले नाही, म्हणून ती गेली.

बोलणे का झाले नाही, हे समजून घ्यायला कायदा उघडून पाहावा लागतो. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा आहे. त्यानुसार कलम ३ए खाली भूसंपादनाची अधिसूचना निघते, तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा लागतो, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. त्यानंतर हरकत घेण्यासाठी मुदत मिळते ती एकवीस दिवसांची, आणि हरकतही जमिनीच्या त्या प्रयोजनासाठीच्या वापरापुरतीच घेता येते. हरकतीवर सक्षम प्राधिकारी जो आदेश देईल तो अंतिम. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात गावावर होणाऱ्या सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला गेला, पण महामार्ग कायद्याखालचे संपादन त्या बंधनातून वगळले गेले. १ जानेवारी २०१५ पासून नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचे लाभ तेवढे लागू झाले. याच २०१३ च्या कायद्याने बहुपिकी बागायती जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी असे म्हटले, आणि त्याच कलमात महामार्ग, रेल्वे यांसारख्या लांबट प्रकल्पांना त्यातून सूट दिली. म्हणजे शहापूर किंवा वडगावचा शेतकरी जेव्हा म्हणतो की माझी दुपिकी जमीन सोडून पर्यायी आखणी बघा, तेव्हा त्याचे म्हणणे रास्त असूनही कायद्याच्या चौकटीत त्याला बसायला जागा ठेवलेली नाही. ती जागा मिळेपर्यंत तो रस्त्यावर उतरणार आणि न्यायालयात जाणार, हे उघड आहे.

त्यातही सीमाभागातील मराठी शेतकऱ्याची अडचण दुहेरी आहे. त्याच्या हातात एकवीस दिवस असतात आणि नोटीस, नकाशा, सर्व्हे नंबरांची यादी त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत असते. गावातला कुणी शिकलेला मुलगा किंवा तालुक्याचा वकील गाठून मजकूर समजून घेईपर्यंत आठवडा जातो. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने १९५६ मध्येच जे निवेदन काढले, त्यात ज्या भागात अल्पसंख्याक भाषिकांचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेत प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतील मराठी भाषिकांचे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक आहे. ही मागणी सीमाप्रश्नाच्या निकालावर अवलंबून नाही. तो निकाल कधी आणि कसाही लागो, ज्याची जमीन जाणार आहे त्याला आपली नोटीस वाचता यावी, एवढीच ती आहे. कन्नड शेतकऱ्याला कन्नडमध्ये आणि मराठी शेतकऱ्याला मराठीत कागद मिळाला, तर कुणाचेही काही कमी होत नाही. उलट हरकती अधिक नेमक्या येतील, कारण जमिनीची चढ-उतार, विहीर, पाण्याची वाट, शेताची वहिवाट हे सारे शेतकऱ्यालाच ठाऊक असते आणि आखणी करणाऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते.

भरपाईच्या बाबतीत एक तरतूद आहे, जिची आमच्या गावांत फारशी चर्चा होत नाही. रस्ता शेताच्या बांधाला समांतर क्वचितच जातो. तो तिरपा जातो. दीड एकराच्या शेतातून पट्टा तिरपा काढला की एका बाजूला वीस गुंठे उरतात आणि दुसऱ्या बाजूला पाच-सात गुंठ्यांचा त्रिकोण. त्या त्रिकोणात ट्रॅक्टर वळत नाही, विहिरीची पाइप पोहोचत नाही, आणि तिथे जायचे तर अंडरपास गाठून वळसा घ्यावा लागतो. उताऱ्यावर तो तुकडा शेतकऱ्याच्या नावावर राहतो, प्रत्यक्षात तो पडीक होतो. महामार्ग कायद्याच्या कलम ३जी मध्ये जमीन अशी तोडली गेल्याने होणाऱ्या नुकसानीचा वेगळा विचार करण्यास सांगितले आहे. भरपाईचे निवाडे हातात आले की शेतकऱ्यांनी हा मुद्दा स्वतंत्रपणे मांडायला हवा, आणि तो मान्य न झाल्यास लवादाकडे जायला हवे. शेतकरी संघटना मोर्चे काढण्यात कमी पडत नाहीत; प्रत्येक गावातील अशा तुकड्यांची गट क्रमांकानुसार यादी करण्याचे कामही त्यांनी तेवढ्याच जोमाने करावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

रिंगरोडबद्दल मी अधिक स्पष्ट बोलतो. तो आत्ता नको. तीसएक गावांची जमीन त्यात जाणार आहे: काकती, कडोली, उचगाव, बिजगर्णी, संतिबस्तवाड, येळ्ळूर, धामणे अशी शहराला भाजी, रताळी, बटाटा आणि भात पुरवणारी गावे. हलगा–मच्छे जोडरस्ता पूर्ण होऊन त्यावर वाहतूक सुरू झाली, की शहरातून आरपार जाणारी किती अवजड वाहने उरतात, हे आधी मोजले पाहिजे. शहरातली कोंडी बाहेरून आलेल्या आरपार वाहतुकीमुळे किती होते आणि शहरातच सुरू होऊन शहरातच संपणाऱ्या फेऱ्यांमुळे किती होते, याचा अभ्यास लोकांसमोर मांडल्याखेरीज शेकडो एकर जमिनीवर खुणा रोवणे हे नियोजन नव्हे. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजारातली कोंडी उचगावच्या शिवारातून रस्ता काढून सुटणार नाही. ती शहर बससेवा, वाहनतळ आणि नीट पदपथ यांनी सुटेल.

उड्डाणपुलाचाही विचार याच अंगाने व्हावा. कपिलेश्वर, गोगटे सर्कल, तिसरे रेल्वेगेट या ठिकाणी रेल्वेमार्गावर पूल झाले आणि वाहनांची सोय झाली, हे कुणीही नाकारणार नाही. पण पुलाखाली आणि पुलाच्या दोन्ही तोंडांशी काय झाले, याचा आढावा कोणी घेतला? पायी चालणाऱ्या वृद्धाला पूर्वी फाटक उघडताच पलीकडे जाता येत होते. आता त्याने चढ चढायचा किंवा रुळांवरून जीव मुठीत धरून जायचे. कोल्हापूर सर्कल, अशोक सर्कल या परिसरात खांब उभे राहिले तर बसस्थानकाकडे चालत जाणाऱ्या हजारो प्रवाशांसाठी जमिनीवर किती जागा उरेल, हे पुलाच्या चित्रात दाखवलेले नसते. चित्रात पूल वरून दाखवतात. मला तो खालून दाखवलेला बघायचा आहे.

महामार्गाच्या रुंदीकरणाला माझा सरसकट विरोध असल्याचा समज कुणी करून घेऊ नये. हुबळी–धारवाड बायपास हे त्याविरुद्धचे दाहक उदाहरण आहे. पुणे–बेंगळूर महामार्ग दोन्ही बाजूंना रुंद होऊनही मधला सुमारे तीस किलोमीटरचा तो पट्टा दुभाजकाविना दुपदरीच राहिला. २०२१ च्या जानेवारीत दावणगेरेहून गोव्याकडे निघालेल्या मैत्रिणींच्या वाहनाला इटिगट्टीजवळ समोरून येणाऱ्या टिपरची धडक बसली आणि त्यात अनेक जणी ठार झाल्या. त्या आधीही तिथे वर्षानुवर्षे माणसे मरत होती. तिथे रुंदीकरण लांबणे हाच गुन्हा होता. जिथे समोरासमोर वाहने धडकतात तिथे दुभाजक आणि मार्गिका जीव वाचवतात. जिथे माणूस रस्ता ओलांडताना मरतो तिथे नवी मार्गिका त्याचे ओलांडण्याचे अंतर वाढवते. कोणत्या पट्ट्यात कोणत्या प्रकारचे मृत्यू होतात, हे पोलीस ठाण्यांच्या नोंदींवरून कळते. त्या नोंदी आराखड्याच्या टेबलावर यायला हव्यात.

त्यासाठी तातडीने करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. काकती ते हलगा या पट्ट्याची, हलगा–मच्छेच्या संपूर्ण आखणीची आणि यमगर्णी ते कोगनोळी या पूरपट्ट्याची संयुक्त पाहणी जुलै महिन्यात करावी, एप्रिलमध्ये नव्हे. प्रकल्पाचे अभियंते, भूसंपादन अधिकारी, त्या त्या ग्रामपंचायतीचे सदस्य, वाहतूक पोलीस आणि बांधावरचे शेतकरी यांनी पावसात चालत जावे. पाणी कुठून येते, कुठे थांबते, मुले कुठून रस्ता ओलांडतात, सर्व्हिस रोड कुठे तुटतो, हे नकाशावर तिथल्या तिथे लिहून घ्यावे, आणि तो नकाशा मराठीत व कन्नडमध्ये ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. पुढच्या ग्रामसभेत त्यावर हरकती घ्याव्यात. या कामाला महिना पुरतो.

बेळगावची सुवर्ण विधानसौध, जिचे उद्घाटन ऑक्टोबर २०१२ मध्ये झाले, ती याच महामार्गाला लागून हलगा–बस्तवाडच्या हद्दीत उभी आहे. दर वर्षी हिवाळी अधिवेशनासाठी राज्याचे मंत्री आणि आमदार याच रस्त्याने तिथे पोहोचतात. बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या लोकप्रतिनिधींनी, ते कोणत्याही पक्षाचे आणि कोणत्याही भाषेचे असोत, येत्या अधिवेशनात तीन कागद सभागृहासमोर मागावेत: जुलैच्या पाहणीचा नकाशा, महामार्गाच्या ठेक्यांतील शिल्लक कामांची यादी, आणि गेल्या पाच वर्षांत या पट्ट्यात रस्ता ओलांडताना किंवा कडेने जाताना मरण पावलेल्या माणसांचा ठाणेनिहाय आकडा. उड्डाणपूल आणि रिंगरोड यांच्या पुढच्या निविदा हे कागद पटलावर आल्यानंतरच काढाव्यात.